अंगणवाडीत नाव घालायला कागद कुठले लागतात?

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे परभणीकडचे, मिस्टर चाकणला कंपनीत कामाला लागले म्हणून सहा महिने झाले इकडं भाड्याच्या खोलीत राहतो. मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. तिचं आधार काढलेलं नाही, रेशनकार्ड गावाकडचंच. जवळच्या अंगणवाडीत गेले तर बाई म्हणाल्या की आधी मुलीचं आधार आणा, आणि शेजारीण म्हणते की पिवळं रेशनकार्ड असेल तरच घेतात. आता काय करू? प्रायव्हेट नर्सरीची फी परवडत नाही.

उत्तर : ताई, आधी रेशनकार्डाचं डोक्यातून काढून टाका. अंगणवाडी पिवळ्या कार्डवाल्यांसाठी आहे हा समज इतका पक्का बसलाय की गरज असलेल्या आया दारातूनच परत जातात. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय की अंगणवाडीच्या आहारासाठी दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही, आणि २००६ च्या आदेशात सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा पोचली पाहिजे असं म्हटलंय. नंतर २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्यातही सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार हा हक्कच धरलाय. म्हणजे तुमची मुलगी वयात बसते, झालं.

आता आधारचं. मुलीचं आधार सक्तीचं नाहीये. सेविकांना सगळी नोंद मोबाईलवर पोषण ट्रॅकर ॲपमध्ये करावी लागते आणि तिथं आईच्या आधारवर मुलाची नोंद होते, म्हणून तुमचं स्वतःचं आधार आणि चालू मोबाईल नंबर घेऊन जा. तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असू शकते, बाळंतपणाच्या वेळी किंवा नंतर गावाकडच्या अंगणवाडीत तुमचं नाव घातलं असेल तर ते ॲपमध्ये अजून तिकडंच दिसत असणार, आणि मग इकडच्या बाईंना नवीन नोंद घेता येत नाही, त्या कागद मागत बसतात. अशा वेळी ‘माझं आणि मुलीचं नाव स्थलांतरित म्हणून इकडं घ्या’ असं सांगा, ॲपमध्ये तशी सोय आहे. गावाकडच्या सेविकाताईंना एक फोन करून ठेवलात तर काम लवकर होईल. लसीकरणाचं कार्डही सोबत असू द्या, वय आणि डोस दोन्ही त्यावरून कळतं.

आणि ॲपची भानगड मिटेपर्यंत मुलीला घरी ठेवू नका, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिला रोज नेऊन बसवा. सव्वातीन वर्षांचं पोर बाकीच्या मुलांबरोबर बडबडगीतं म्हणतं, मणी ओवतं, रांगेत हात धुऊन खिचडी-उसळ खातं, दर महिन्याला काट्यावर वजन होतं. नोंद आठ दिवस उशिरा झाली तर बिघडत नाही पण हे दिवस वाया जायला नकोत.

तरीही बाई ऐकत नसतील तर वाद घालू नका, त्यांच्यावरही कामाचा डोंगर असतो. त्यांच्या पर्यवेक्षिका कोण ते विचारा, तिथं नाही झालं तर प्रकल्प कार्यालयात सीडीपीओ (म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडम किंवा साहेबांच्या नावाने साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. वस्तीजवळ अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील तर लोकांनी मिळून मागितल्यावर तीन महिन्यांत केंद्र द्यायचं, हेही त्याच २००६ च्या आदेशात आहे, चाकणसारख्या ठिकाणी नवीन चाळी वाढतायत तिथं हे करून बघण्यासारखं आहे.

प्रश्न : अंगणवाडीतून पहिलीत जाताना जन्मदाखल्यावाचून प्रवेश अडतो का?

उत्तर : अडत नाही. जन्मदाखला नसला तरी शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाच्या पुराव्यावाचून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, अंगणवाडीचं रेकॉर्डही पुरावा म्हणून चालतं. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी नियम बदललाय, त्यांना जन्मदाखलाच लागणार, तेव्हा धाकटं असेल तर त्याचा आत्ताच काढून ठेवा.