ओलावा मोजण्याच्या नोकरीत शिकण्यासारखे काय?

सप्रेम नमस्कार,

आपल्या मुलीने रसायनशास्त्राची पदवी घेतली असून पशुखाद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळत आहे. मात्र नेमणूकपत्रात मुख्य काम ‘ओलावा तपासणी’ असे लिहिले असल्यामुळे ‘पदवी घेऊन दिवसभर ओलावाच मोजत बसायचे का?’ असे आपण विचारले आहे. नोकरी स्वीकारावी, असे माझे मत आहे. परंतु सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात.

पशुखाद्य दिसायला कोरडे असले तरी कारखान्यात त्यातील पाणी प्रत्येक टप्प्यावर बदलत असते. हॅमर मिलमध्ये धान्य भरडताना उष्णतेने थोडे पाणी उडते. पुढे कंडिशनरमध्ये वाफ सोडून मिश्रण साधारणपणे ७५ ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तेव्हा त्या वाफेचे पाणी होऊन ओलावा ३ ते ५ टक्क्यांनी वाढतो, आणि ते दाबून गोळी (पेलेट) तयार झाल्यावर कूलरमधील हवा हे वाढलेले पाणी काढून घेते. तयार मालात ओलावा बहुधा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात. तो जास्त राहिला तर बुरशी लागते, आणि काही बुरशी जनावरांना घातक विषद्रव्ये तयार करतात. पण गोळी पुरती थंड न होताच पोत्यात भरली, तर सरासरी आकडा बरोबर असूनही आतली वाफ पोत्याच्या थंड कडेला जमते आणि तेथूनच माल बिघडू लागतो. हा दोष प्रयोगशाळेत बसून सहसा सापडत नाही.

उलट बाजूचे नुकसान कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. १२ टक्के ओलाव्याचा १०० टन माल ११ टक्क्यांपर्यंत वाळला, तर ८८ टन शुष्क भाग तेवढाच राहतो, पण एकूण वजन सुमारे ९८.९ टनांवर येते. म्हणजे १.१ टन वजन हवेत गेले, आणि ते उडवण्यासाठी कारखान्याने ऊर्जाही खर्च केली. हा हिशेब मांडून दाखवणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे व्यवस्थापन लक्ष देऊन ऐकते, असे मी पाहिले आहे.

रसायनशास्त्राची खरी गरज याच्याही पुढे लागते. एकूण पाणी किती आणि त्यापैकी बुरशीला वापरता येण्याजोगे किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ने मोजतात, आणि ती ०.६५ च्या खाली असेल तर बहुतेक बुरशी वाढत नाहीत. त्यामुळे समान ओलाव्याची दोन खाद्ये सारखीच टिकतील असे नाही. मोजमापातही असेच बारकावे आहेत. सुमारे १०३ अंशांवर नमुना काही तास वाळवण्याची ओव्हनची पद्धत विश्वासार्ह आहे, पण उत्तर येईपर्यंत कित्येक टन माल पुढे गेलेला असतो. शिवाय मुरघासासारख्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यासारख्या) नमुन्यातील उडून जाणारी आम्लेही ती पाणी म्हणूनच मोजते. निअर इन्फ्रारेड (अवरक्त प्रकाशाने मोजणारे) यंत्र काही क्षणांत आकडा देते, परंतु ते ओव्हनच्या निकालांशी वेळोवेळी ताडून पाहावे लागते. हे ताडणे ज्याला जमते, त्याला केवळ नमुने तपासणारा कर्मचारी कोणी समजत नाही.

म्हणून मुलीने सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: ओलावा मर्यादेबाहेर गेल्यास वाफ किंवा कूलर बदलण्याचा निर्णय प्रयोगशाळेच्या सांगण्यावरून होतो का? तिला उत्पादन विभागात काम पाहू दिले जाईल का? यंत्रांचे अंशशोधन, म्हणजे वर सांगितलेले ताडणे, तिथेच होते का? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर आपली शंका रास्त आहे आणि दुसरा कारखाना पाहावा. एकाला जरी होकार मिळाला, तरी पहिली २ वर्षे तेथे काढण्यास हरकत नाही. त्या काळात तिने नमुना घेण्याच्या पद्धती व सांख्यिकी मनापासून शिकाव्यात. त्यानंतर प्रक्रिया नियंत्रणाकडे वळता येते, किंवा पशुपोषणाच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे, तेथील प्रवेशाच्या अटी आधी तपासून.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. अशा कारखान्यांत धूळ आणि आवाज बराच असतो, कामाच्या पाळ्याही (शिफ्ट) असू शकतात. मुलीला दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि गोळी तयार होत असताना कारखान्यात एक पूर्ण पाळी थांबण्याची परवानगी मागावी.