रीस्टार्टनंतर माझ्या लिनक्स मशीनच्या रेडमधला (अनेक डिस्क जोडून केलेल्या साठ्यातला) फोटोंचा फोल्डर रिकामा दिसतोय. फाइली गेल्या का? एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारा आदेश) चालवू का?

नाही, एफएससीके आत्ता अजिबात चालवू नका. अख्खा फोल्डर एका रीस्टार्टमध्ये रिकामा झाला, तर बहुतेक वेळा फाइली जागच्या जागी असतात, ॲरे (रेडमधल्या डिस्कचा एकत्र संच) माउंट झालेला, म्हणजे त्या फोल्डरला जोडलेला, नसतो. तुम्हाला दिसतोय तो सिस्टीम डिस्कवरचा मोकळा फोल्डर. त्यावर 'डीएफ -एच' (जागेचा हिशेब दाखवणारा आदेश) चालवून बघा. तुमच्या ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये आहेत, म्हणजे ११ टीच्या आसपास आकडा यायला हवा. तिथे एसएसडीचा, म्हणजे सिस्टीम डिस्कचा, आकडा आला, की निदान झालं.

मग '/प्रॉक/एमडीस्टॅट' वाचा, त्यात ॲरेची सध्याची स्थिती असते. ॲरे चालू असेल पण एमडी० ऐवजी एमडी१२७ नावाने, तर एफएसटॅबमधली (बूटला काय कुठे माउंट करायचं त्या यादीतली) ओळ जुनं नाव शोधत बसलीय, एवढंच. 'माउंट -ओ आरओ' देऊन आधी फक्त वाचण्यापुरता माउंट करा, फोटो दिसले की श्वास घ्या. एफएसटॅबमध्ये नावाऐवजी यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा कायमचा ओळख क्रमांक) घाला. 'एमडीॲडम --डिटेल --स्कॅन'ची ओळ एमडीॲडमच्या (लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या) कॉन्फ फाइलमध्ये टाका आणि डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' करा, नाहीतर पुढच्या बूटला पुन्हा १२७ येईल.

आता खरी गोम. मोबाइलचे फोटो आपोआप उतरवणारं ॲप मधल्या काळात थांबलेलं नसतं. ते त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, लिहीत राहतं. ॲरे माउंट केला की हे नवे फोटो त्याच्याखाली झाकले जातात. जुने सापडले, पण गेल्या आठवड्याचे कुठे गेले, अशी तक्रार येते ती इथूनच. ते काढायला 'माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ' द्या आणि तिथून त्याच फोल्डरच्या वाटेने आत जा, झाकलेलं सगळं उघडं दिसेल. आधी ॲप बंद करा, मग 'आरसिंक'ने (फाइली कॉपी करणाऱ्या आदेशाने) ॲरेवर आणा, आकडा जुळला की मगच एसएसडीवरचे पुसा.

एफएसटॅबमध्ये सरसकट 'नोफेल' टाकायला सांगणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. मशीन बूट होते हे खरं, पण ॲरेविना, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. नोफेल हवंच असेल तर ॲरे उतरवून (अनमाउंट करून) रिकाम्या फोल्डरवर 'सीएचॲटर +आय' मारा. मग रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) तिथे लिहिता येत नाही, माउंट मात्र नीट होतो. ॲप पहिल्याच मिनिटाला एरर देईल, आणि ती दिलेलीच बरी.

एमडीस्टॅटमध्ये ॲरे 'इनॲक्टिव्ह' असेल तर मामला वेगळा. प्रत्येक डिस्कवर 'एमडीॲडम --एक्झामिन' करून 'इव्हेंट्स'चे (ॲरेतल्या बदलांच्या मोजणीचे) आकडे कागदावर उतरवा. चारपैकी तीन डिस्कचे आकडे सारखे असतील तर '--स्टॉप' आणि मग '--असेंबल --रन' पुरतं. थोडासाच फरक असेल तर '--फोर्स', पण त्याआधी स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. त्यातल्या १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर साटा केबल बदला. ५, १९७, १९८ वाढत असतील तर डिस्कच जातेय, आधी 'डीडीरेस्क्यू'ने तिची प्रत काढा. '--क्रिएट' करून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डिस्कचा क्रम, चंकचा आकार किंवा डेटा ऑफसेट चुकला, की सिंक सुरू होऊन चुकीची पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायची गणिती नोंद) तुमच्या फोटोंवर लिहिली जाते. त्यानंतर माझ्याकडेही इलाज नाही.

हे सगळं एमडीॲडम आणि ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमसाठी. झेडएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम असेल तर 'झेडपूल इम्पोर्ट' आणि 'झेडएफएस लिस्ट -ओ नेम,माउंटेड'मधला 'माउंटेड' रकाना बघा. आणि घरातल्या कोणी फाइली खरंच डिलीट केल्या असतील तर रेडचा काही उपयोग नाही, त्या चारही डिस्कवरून एकदमच जातात. तेव्हा ॲरे ताबडतोब अनमाउंट करा आणि बॅकअप शोधा.