परदेशी इंटर्नशिपचा खर्च कसा भागवायचा, आणि कॉलेज क्रेडिट देतं का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, तैवानच्या एका प्राध्यापकांनी उन्हाळ्यात दहा आठवडे लॅबमध्ये बोलावलंय, थोडा स्टायपेंड आहे, तिकीट आपलं आपण काढायचं, आणि कॉलेजातले सर म्हणतात, "आधी करून ये, क्रेडिटचं मग बघू." पैशाकडे येतोच, पण आधी क्रेडिटच्या (म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांच्या) त्या 'मग बघू'चं सांगतो. माझ्या घोड्याने तिथेच पेंड खाल्ली होती.

२०२२च्या उन्हाळ्यात मी पूर्व जर्मनीतल्या एका विद्यापीठात बारा आठवडे होतो, २३ मे ते १२ ऑगस्ट. आम्हालाही सर हेच म्हणाले होते. परत आलो, मोठ्या ऐटीत सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. समन्वयक मॅडमनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "शिक्का कुठाय?" जर्मन प्राध्यापकाने लेटरहेडवर फक्त निळ्या शाईने सही केली होती, गोल शिक्का नव्हता. पुढचा प्रश्न, "तास किती?" तारखा होत्या, कामाचं कौतुक होतं, तास नव्हते. तिसरा प्रश्न, "परवानगी कोणाची घेतली होती?" परवानगी तोंडी होती, आणि देणाऱ्या सरांची तोवर बदली झाली होती.

जर्मनीला मेल केला तर प्राध्यापक सुट्टीवर, त्यांची सेक्रेटरीही सुट्टीवर. आठवड्याला ३९ तास असं लिहिलेलं नवं पत्र आलं ऑक्टोबरात. गुण भरायची मुदत तोवर संपली होती. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत कुपवाड एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या एका कारखान्यात जाऊन बसलो, आणि माझ्या मार्कलिस्टवरची इंटर्नशिपची ४ क्रेडिट त्या कारखान्याची आहेत. जर्मनी मार्कलिस्टवर कुठेच नाही. (कारखान्यात मात्र जर्मनीपेक्षा जास्त शिकलो, पण तो विषय वेगळा.)

म्हणून जायच्या आधी एक पानाचा कागद करा आणि त्यावर तीन सह्या घ्या: तुमची, तिकडच्या प्राध्यापकांची, आणि तुमच्या एचओडींची. युरोपातली मुलं इरॅस्मसमधून (युरोपीय संघाच्या विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून) इंटर्नशिपला जातात तेव्हा त्यांना हेच करावं लागतं. 'लर्निंग ॲग्रीमेंट' म्हणतात त्याला, आणि निघण्यापूर्वीच विद्यार्थी, त्याचं विद्यापीठ आणि बोलावणारी संस्था असे तिघं त्यावर सही करतात. आपल्याकडे तसा छापील नमुना कॉलेजात नसला तरी साध्या अर्जावर चालतं. त्यात तारखा, आठवड्याचे तास आणि एकूण तास, काम काय, तिकडे देखरेख कोणाची, इकडचा मार्गदर्शक कोण, मूल्यमापन कशावर (डायरी, अहवाल, तोंडी परीक्षा) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषय-कोडसमोर किती क्रेडिट पडणार, हे लिहा. विषय-कोड नसेल तर कागद कितीही सुंदर असो, परीक्षा विभागात तो कुठल्या खान्यात बसवायचा हे कोणालाच कळत नाही.

आता क्रेडिटचं गणित. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशेबात इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) इंटर्नशिप धोरणात १ क्रेडिटला ४० ते ४५ तास धरलेत. तुमचे दहा आठवडे, आठवड्याला ४० तास धरले तर ४०० तास होतात. म्हणजे एका मापाने १३ क्रेडिट, दुसऱ्या मापाने ९-१०. पण तुमच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपचा खाना ४ क्रेडिटचा असेल तर ४च मिळणार. उरलेले तास वाया जाऊ द्यायचे नसतील तर एचओडींना आत्ताच विचारा की याच कामावर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पुढे नेता येईल का. स्वायत्त कॉलेज असेल तर याला बरीच जागा असते. विद्यापीठाला संलग्न कॉलेज असेल तर कमी, पण प्रोजेक्टचा विषय म्हणून घ्यायला सहसा कोणी अडवत नाही.

एक गैरसमज काढून टाका. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याची क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) तैवानचं विद्यापीठ परस्पर काही जमा करणार नाही. तिथे क्रेडिट चढवायचं काम तुमच्या कॉलेज-विद्यापीठाचं. म्हणजे फिरून पुन्हा त्याच तीन सह्यांपाशी आलो.

आणि हजेरी! आपलं पुढचं सत्र जुलैत सुरू होतं, मी ऑगस्टच्या मध्यावर उगवलो. दहा आठवडे जूनच्या सुरुवातीला सुरू झाले तर तुमचंही तेच होणार. त्याच अर्जात 'कर्तव्यार्थ अनुपस्थिती'ची (अभ्यासाच्याच कामासाठी गैरहजर, म्हणून हजेरी धरावी अशी) विनंती घालून टाका. वेगळा अर्ज करायला गेलात की वेगळी फाईल, वेगळा शिपाई.

आता पैसे. पहिलं सांगतो ते कडू आहे. आपल्याकडे लोक ज्या शिष्यवृत्त्यांची नावं घेतात, त्या यासाठी नाहीत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या परदेशात पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत, दहा आठवड्यांच्या लॅबसाठी नाहीत. शैक्षणिक कर्जाचंही तसंच. मी बँकेत गेलो तर मॅनेजरसाहेबांनी प्रवेशपत्र आणि फीची पावती मागितली. मी म्हटलं, फी नाहीये, उलट तेच पैसे देणार आहेत. साहेब म्हणाले, "मग कर्ज कशाला?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. शेवटी वडिलांनी त्यांच्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेतून दीड लाख काढले.

त्या दीड लाखाचं काय झालं ते सांगतो, म्हणजे नुसत्या स्टायपेंडच्या आकड्यावर तुम्ही भुलणार नाही. तिकीट ६२ हजार. व्हिसा, विमा, मुंबईच्या खेपा मिळून १२ हजारांच्या आसपास. हातात ९०० युरो घेऊन गेलो, तेव्हा युरो ८० रुपयांच्या आगेमागे होता. खोलीचं भाडं २७०, डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे पहिल्याच दिवशी ८१० गेले. उरले ९०. स्टायपेंड महिना ५०० युरो होता, कागदावर उत्तम. पण तो बँक खात्यातच येणार, खात्याला पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाच्या सहीचं पत्र हवं, आणि घरमालक गेलेला बाल्टिक समुद्रावर. पहिले पैसे पडले पाचव्या आठवड्यात. मधल्या काळात परभणीचा एक पीएचडी करणारा दादा भेटला, त्याने २०० युरो रोख काढून दिले आणि वर दर रविवारी खिचडी. नशीब आणखी एका बाबतीत चांगलं होतं: त्या वर्षी जून ते ऑगस्ट जर्मनीत महिन्याला ९ युरोत सगळ्या लोकल गाड्या आणि बस फिरता येत होत्या.

तेव्हा स्टायपेंड किती हे विचारण्याआधी पहिला हप्ता कधी आणि कशात, हे विचारा. रोख, तिथलं खातं, की भारतातल्या खात्यावर? डिपॉझिट किती? हॉस्टेल विद्यापीठाचं का? तैवानमध्ये असं विचारलं तर कोणी रागावत नाही, जर्मनीतही नाही. मीच लाजलो होतो.

तुमच्या प्राध्यापकांना आणखी एक विचारा, हे काम 'टीप'मध्ये (TEEP) बसवता येईल का. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा हा कार्यक्रम परदेशी विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठीच आहे आणि विद्यापीठांमार्फत चालतो. त्यात बसलं तर स्टायपेंड आणि व्हिसाचे कागद दोन्ही सोपे होतात. तैवानचं कार्यालय २०२४मध्ये मुंबईतही उघडलंय, दिल्ली-चेन्नईला पळण्याआधी तिथे चौकशी करा.

तिकिटासाठी माजी विद्यार्थी संघ गाठा. गंमत नाही करत. आमच्या पुढच्या बॅचच्या एका मुलीला कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पूर्ण तिकीट काढून दिलं, तिने फक्त दोन पानी पत्र आणि तिकडचं निमंत्रण जोडलं होतं. अशा मंडळींना 'मदत करा' म्हटलं की पंचाईत होते, 'तिकिटाचे इतके कमी पडतात' म्हटलं की पाकीट निघतं.

तैवान जमलं नाही तर पुढच्या वर्षीसाठी पूर्ण खर्च देणारे दरवाजे आहेत: कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप (बारा आठवडे), सौदीतल्या काउस्ट विद्यापीठाची इंटर्नशिप, जपानमधल्या ओकिनावाच्या ओआयएसटी विद्यापीठाची इंटर्नशिप. डाडचं (DAAD, जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था) 'वाइज' भारतीय मुलांसाठीच आहे, पण निवडक संस्थांच्या आणि आधी जर्मन प्राध्यापकाचं निमंत्रण मिळवणाऱ्यांच्या. त्याच डाडचं 'राइज' मात्र आपल्याला नाही, ते अमेरिका-कॅनडा-ब्रिटन-आयर्लंडकडच्या मुलांसाठी. नावं सारखी असल्याने दरवर्षी कोणीतरी चुकीच्या दारावर जाऊन उभं राहतं. तुम्ही शेवटच्या वर्षाला जाणार, त्यामुळे अजून किती सत्रं शिल्लक असायला हवीत ही अट आधी वाचा. मे महिन्यात जायचं तर बहुतेक ठिकाणी अर्ज गणपती ते दिवाळीच्या दरम्यानच उरकावे लागतात, मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

इन्स्टाग्रामवर 'युरोपात पगारी इंटर्नशिप, फक्त दीड लाखात' असली जाहिरात दिसली तर पुढे सरका. काम देणाऱ्यालाच आपण पैसे मोजायचे, हा उलटा व्यवहार कशाला?

उद्या सरांकडे जाल तेव्हा नुसते बोलायला जाऊ नका. तो एक पानाचा कागद छापून, विषय-कोड भरून, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून न्या. आणि तैवानच्या प्राध्यापकांना मेल करताना शेवटच्या ओळीत लिहा की आमच्याकडे सर्टिफिकेटवर एकूण तास आणि विद्यापीठाचा गोल शिक्का, दोन्ही लागतात. त्यांना हसू येईल, पण शिक्का मारतील.