बोगनवेलीला नुसते काटेच

प्रश्न : गच्चीवर मोठ्या कुंडीत बोगनवेल लावली आहे. तीन वर्षांत ती कठड्यापलीकडे गेली. पानं हिरवीगार, काटे तर बोटभर. रोज सकाळी न चुकता पाणी घालते, दर महिन्याला खत देते. आणली तेव्हा गुलाबी फुलांनी लगडली होती, आता मात्र एक फूल नाही. काय चुकतंय?

उत्तर : बोटभर काटे, असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळी गोम तिथंच आहे. बोगनवेलीचा काटा आणि फुलोरा पानाच्या बेचक्यातून येतात, तेही एकाच प्रकारच्या अंकुरातून. वेल जोमात वाढत असली की त्या अंकुराचा काटा होतो, वाढ मंदावली की फुलोरा. रोजचं पाणी आणि महिन्याचं खत म्हणजे तुम्ही हौसेनं काटेच वाढवताय!

मीही दोन वर्षं हेच केलं. मग एकदा पंधरवडाभर बाहेरगावी गेलो. परतलो तर वेलीनं माना टाकलेल्या, निम्मी पानं कुंडीत. गेली म्हणून समजलो, तरी भरपूर पाणी घातलं. तीनेक आठवड्यांत प्रत्येक शेंड्याला रंग!

पंधरा दिवस मुळीच पाणी नको, असं मी सांगणार नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं आणि कोवळे शेंडे किंचित मलूल दिसले, की कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत पाणी घाला. मग पुन्हा थांबा. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं कुठलंही खत सध्या बंद. ऊन मात्र दिवसाला पाच-सहा तास थेट हवं. सावलीत बाकीचं सगळं करून उपयोग नाही.

जाता जाता, ज्याला आपण गुलाबी फूल म्हणतो ती रंगीत पानं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरट नळी. म्हणून तर हा रंग इतके दिवस टिकतो.

छाटणी बहर ओसरल्यावर करा, कारण फुलोरा नव्या फुटव्यांवर येतो. सारखे शेंडे खुडत बसलात तर येऊ घातलेला बहरच खुडाल. आणि कुंडी बदलायचा विचार असेल तर तूर्त नको. हिची मुळं नाजूक, मातीचा गोळा फुटला की तुटतात. शिवाय जरा दाटीत राहिलेली वेल फुलतेही चांगली.