नव्या ठिकाणी मोडीचा गट काढण्यापूर्वी मालकीचे खाते कोणत्या ईमेल पत्त्यावर आहे ते पाहा

आपण इचलकरंजीहून लिहिले आहे की, इंटरनेटवरील एका नव्या व्यासपीठावर खाते उघडल्यावर मोडी लिपी (मराठीची जुनी हस्तलेखनाची लिपी), जुनी नाणी, गडकोट आणि संस्थानी काळातील कागद असे चार विषय शोधले, तीन विषयांवर काहीच सापडले नाही, चौथ्यावर गट होता पण त्यात दोन नोंदींपलीकडे काही नव्हते. तेव्हा स्वतःच चारही गट काढून ओळखीच्या लोकांना तिकडे बोलवावे काय, असा आपला प्रश्न आहे. सोबत घरातील एका वतनाच्या कागदाचा फोटो आणि त्याची आपण लावलेली तारीखही दिली आहे. हे वाचून मला २०१३ सालचा मी आठवलो, म्हणून थोडे लांबलचक उत्तर लिहीत आहे. गट कसा उघडायचा, नियम कसे लिहायचे, हे आपल्याला येत असणारच, म्हणून ते सोडून देतो.

त्या वर्षी कोल्हापुरातील आम्ही सात जणांनी गुगल प्लस या गुगलच्या समाजमाध्यमावर मोडी वाचनाचा एक सार्वजनिक समूह सुरू केला. दर गुरुवारी रात्री कोणीतरी एका कागदाचा फोटो टाकायचा आणि रविवारपर्यंत सर्वांनी मिळून तो देवनागरीत उतरवायचा, एवढेच आमचे काम होते. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे एकट्याने वाचताना माणूस चुकीच्या जागी शब्द तोडतो आणि मग त्या चुकीलाच धरून पुढचा सगळा अर्थ लावत जातो. चार डोळे जास्त असले की ती चूक दुसऱ्या दिवशीच सुटते. पाच वर्षांत आमच्याकडे सुमारे चौदाशे नोंदी जमल्या. त्यातील जवळजवळ दोनशे नोंदी गडहिंग्लजच्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या होत्या. शिरोळ तालुक्यातील आपल्या नातेवाइकांच्या घरी असलेला कागदांचा एक अख्खा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, त्यांनी एकेक पान करून छायाचित्रित केला होता, आणि प्रत्येक पानाखाली वाचन, तारखेचा हिशेब आणि अडलेले शब्द लिहून ठेवले होते. २०१७ साली ते वारले.

आता माझी चूक सांगतो. समूहाचे मालकीचे खाते मी नोकरीच्या ठिकाणच्या अधिकृत ईमेल पत्त्यावर काढले होते आणि पडताळणीसाठी आमच्या विभागाचाच दूरध्वनी क्रमांक दिला होता. तेव्हा मला त्यात शिस्त वाटली होती. घरचे वेगळे आणि कामाचे वेगळे, असा माझा विचार होता. दुसरा कोणी मालक किंवा नियंत्रक मी नेमला नाही, कारण तशी गरजच कधी पडली नव्हती. मे २०१८ अखेर मी निवृत्त झालो आणि नियमानुसार माझा पत्ता बंद झाला. घरच्या जुन्या संगणकावर खाते उघडेच राहिले होते, त्यामुळे काही महिने मला काही कळलेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये गुगलने हे व्यासपीठ पुढच्या ऑगस्टमध्ये बंद करण्याचे जाहीर केले, आणि डिसेंबरमध्ये ती मुदत अलीकडे ओढून एप्रिल २०१९ केली. त्याच सुमारास माझा जुना संगणक बिघडला. नव्या संगणकावर पासवर्ड बरोबर घातला तरी पडताळणीचा आकडा जुन्या पत्त्यावर जायचा, आणि तो पत्ता आता अस्तित्वात नव्हता.

मी त्या कार्यालयात गेलो. माझी मागणी एवढीच होती की पत्ता दहा मिनिटांपुरता सुरू करावा, त्यावर येणारा एक आकडा त्यांच्याच समोर मला सांगावा आणि पत्ता पुन्हा बंद करावा. पहिल्या वेळी लेखी अर्ज मागितला. दुसऱ्या वेळी अर्ज आवक विभागात दिल्याशिवाय तो अर्ज मानला जात नाही असे कळले. तिसऱ्या वेळी संबंधित अधिकारी रजेवर होते. चौथ्या वेळी, म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, निवृत्त कर्मचाऱ्याचा पत्ता पुन्हा सुरू करण्याची तरतूद नाही, असे तोंडी सांगण्यात आले. लेखी उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. सुरक्षिततेसाठी असा नियम असणे मला मान्य आहे, आणि खाते चुकीच्या जागी काढले हा दोष माझाच आहे. पण नाही म्हणायचेच होते तर ते पहिल्या दिवशी म्हणता आले असते, आणि मग त्या दोन महिन्यांत आम्ही सर्वांनी बसून एकेक पान हाताने उतरवून घेतले असते. एकतीस वर्षे जेथे काम केले तेथील माणसांनी मला बाकावर बसवून ठेवले याचे दुःख अजून गेलेले नाही. यापेक्षा जास्त लिहिणे योग्य नाही, म्हणून येथे थांबतो.

हा विलंब इतका महागात का पडला, तेही सांगतो. साध्या सदस्याला फक्त स्वतःच्या नोंदी उतरवून (डाउनलोड करून) घेता येत होत्या. सार्वजनिक समूहातील सर्वांच्या नोंदी, लेखकाच्या नावासह आणि छायाचित्रांसह, उतरवून घेण्याची सोय मार्च २०१९ मध्ये मिळाली, पण ती केवळ मालक आणि नियंत्रकांना होती. आमच्या समूहात असा माणूस मी एकटा होतो, आणि मीच बाहेर होतो. २ एप्रिल २०१९ पासून गुगल प्लस बंद झाले. हयात आणि संपर्कात असलेल्या सदस्यांनी आपापल्या नोंदी दिल्या आणि सुमारे पाचशे परत जमल्या. गडहिंग्लजच्या आमच्या सदस्यांच्या मुलाला वडिलांचा पासवर्ड माहीत नव्हता. इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात शोध घेतला तेव्हा थोडी पाने सापडली, पण अक्षर वाचता येईल एवढ्या मोठ्या छायाचित्रांसह एकही नाही. त्यानंतर ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोळ तालुक्यातील त्या घरात पाणी माळ्याच्या तुळईला लागले आणि तो रुमाल भिजून लगदा झाला. दोनशे पानांपैकी आज आमच्याकडे एकोणीस आहेत.

म्हणून माझे मत असे आहे की, व्यासपीठ कोणते निवडावे हा प्रश्न दुसरा आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरमध्ये. आपले नवे ठिकाणही कधीतरी बंद होईल असे धरूनच चालावे. पहिल्याच दिवशी किमान तीन मालक नेमा, तिघांची खाती वैयक्तिक पत्त्यांवर असू द्या, आणि त्यांतील एक जण आपल्यापेक्षा वयाने बराच लहान असू द्या. नोकरीचा, महाविद्यालयाचा किंवा संस्थेचा पत्ता अजिबात वापरू नका. १८५० साली सुरू झालेले आपले कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आजही चालते, कारण त्याची किल्ली कधीच एका माणसाच्या खिशात नव्हती. दर तीन महिन्यांनी सर्व नोंदी उतरवून दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि शक्यतो त्यांतील एक घर पूररेषेच्या बाहेरचे असावे.

चार गट काढू नका, हे मी आग्रहाने सांगेन. लोक विषयाच्या नावाने येत नाहीत. कोणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेत खरेदीखत सापडलेले असते आणि ते वाचून हवे असते, म्हणून ते येतात. अशा माणसाला रिकामी खोली दिसली की तो परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. एकच गट काढा, कोणालाही बोलावण्यापूर्वी त्यात वीस-पंचवीस पूर्ण वाचने टाकून ठेवा, आणि नाण्यांचे प्रश्नही त्याच गटात येऊ द्या. सात माणसे नियमित असली तर ती पुरेशी असतात.

वाचन नेहमी देवनागरी मजकूर म्हणूनच लिहा, चित्रावर लिहू नका. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, २०१४ पासून स्वतंत्र जागा आहे, तरी शोधणारा माणूस देवनागरीतच शोधतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपसारख्या बंद दाराच्या ठिकाणी लिहिलेले बाहेरच्या शोधात सापडत नाही, हेही ध्यानात असू द्या. मास्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले तर अनुयायी सोबत येतात, पण जुन्या नोंदी मागेच राहतात. व्हॉट्सॲपवर आम्ही दोन वर्षे काढली. तेथे आजचे वाचन उद्याच्या शुभेच्छांखाली गाडले जाते. तरीही तेथे कागद पाठवायचाच असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोत अक्षरांच्या बारीक गाठी पुसट होतात.

एक इशारा देणे आवश्यक आहे. मी कायद्याचा जाणकार नाही. जमिनीच्या वादासाठी कोणी कागद घेऊन आला तर गटातील वाचन त्याला दाव्यात वापरायला देऊ नका. त्यासाठी अधिकृत लिप्यंतरकाराकडेच पाठवा. आणि हयात वारसांची नावे दिसत असतील तर फोटो टाकण्यापूर्वी ती झाका. तांत्रिक गोष्टींबाबतची माझी माहितीही माझ्या अनुभवापुरतीच आहे, आणि सोयी बदलत असतात, तेव्हा त्या स्वतः तपासून घ्या.

आपण फोटो टाकलेल्या कागदाविषयी थोडे. ‘सन सलास अशर मया व अलफ, छ ५ रजब’ हे आपण बरोबर वाचले आहे; ‘छ’ ही चांद्र तारखेची खूण. सलास म्हणजे तीन, अशर दहा, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणून शुहूर सन (मराठी कागदांत वापरली जाणारी जुनी कालगणना) १११३, हेही बरोबर. मात्र आपण त्यात सरसकट ६०० मिळवून १७१३ हे वर्ष काढले, तेथे चूक झाली आहे. शुहूर सन मृगात बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरच्या तारखांना ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे असतात. त्या वर्षी रजब हा हिजरी महिना ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये येतो. तेव्हा आपला कागद १७१२ सालचा आहे. हा हिशेब मला गडहिंग्लजच्या त्याच सदस्यांनी एका नोंदीखाली समजावून दिला होता, आणि ती नोंद आमच्याकडे उरलेल्या एकोणिसांपैकी नाही, म्हणून येथे पुन्हा लिहून ठेवत आहे.