जमीन विकून खासगी कॉलेज घ्यावे का? एका पालकाच्या काळजीची नोंद

‘नीट’चा निकाल लागून राज्याची गुणवत्ता यादी आली, की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. मुलाला किंवा मुलीला दूरच्या जिल्ह्यातले नवे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळू शकते आणि पुण्या-मुंबईकडचे खासगीही मिळू शकते. स्वस्त म्हणून सरकारी घेतले तर मुलीचे नुकसान तर होणार नाही ना, असे ते विचारतात. लातूर परिसरातील एका कुटुंबाची हकिकत येथे लिहीत आहे, कारण त्यांची काळजी अनेकांची आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घर सांभाळणारी, आणि मुलगी दोन वर्षे खोली घेऊन क्लास केलेली. सोबत मामा आले होते. बोलत तेच होते. मुलीच्या क्रमांकावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी महाविद्यालयांपैकी एक मिळण्याची शक्यता होती. त्या वर्षी जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, अमरावती, भंडारा, गडचिरोली, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई अशी दहा सरकारी महाविद्यालये राज्यात एकदम वाढली. पूर्वीचा ७०:३० हा विभागवार कोटा (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाल्यामुळे मराठवाड्यातल्या मुलीला विदर्भातली जागाही आता सरळ गुणवत्तेवर मिळते. दुसरीकडे पुण्याच्या बाजूचे एक खासगी महाविद्यालय बसत होते. मामांचे म्हणणे होते, “मॅडम, डॉक्टरला आयुष्यभर कॉलेजचं नाव लागतं. दोन एकर काढू, उरलेलं कर्ज घेऊ. पोरीला एवढ्या लांब, नवीन ठिकाणी कशाला टाकायचं?”

वडील गप्प होते. ती जमीन त्यांच्या वडिलांनी घेतलेली होती, हे मला नंतर कळले.

अशा वेळी मी आधी कागद पुढे ओढते, कारण आकडे समोर नसले की बोलणे मानापमानावर जाते. खासगी महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते महाविद्यालयागणिक वेगळे असते. त्यांनी निवडलेल्या ठिकाणी ते वर्षाला साडेनऊ लाख होते. साडेचार वर्षांच्या शिक्षणाचे पावणेत्रेचाळीस लाख होतात, आणि वसतिगृह, मेस, पुस्तके व शेवटचे आंतरवासितेचे, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याचे, एक वर्ष धरून साडेपाच वर्षांचा हिशेब पन्नास लाखांच्या पुढे गेला. सरकारी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला दीड लाखाच्या आसपास आणि राहण्याजेवण्याचा खर्चही कमी, त्यामुळे तेथील सगळा खर्च अकरा लाखांच्या आत बसत होता. फरक चाळीस लाखांचा होता. पंचवीस लाख जमिनीतून आणि पंचवीस लाख बँकेतून, असा मामांचा बेत होता. अकरा टक्के व्याजाने, शिक्षण चालू असताना व्याज न भरता, दहा वर्षांच्या फेडीचा हप्ता मी मांडून दाखवला, तेव्हा तो पन्नास हजारांच्या घरात गेला. सरकारी महाविद्यालयातील आंतरवासिता करणाऱ्या डॉक्टरला महिन्याला अठरा हजार विद्यावेतन मिळते, हेही त्याच कागदावर लिहिले.

या हिशेबात एक गोष्ट आधी पाहायची असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची मोठी सवलत जाहीर केली. ती राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेला असते, महाविद्यालयाच्या स्वतःच्या संस्थास्तरीय कोट्याला नसते. या कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेच्या वर होते, म्हणून त्यांचा प्रश्न तसाच उरला. मात्र ज्यांचे उत्पन्न मर्यादेत आहे त्यांनी दाखले आणि शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील नियम तपासल्याशिवाय कोणताही आकडा मनात धरू नये, कारण त्यांचा हिशेब पूर्ण पालटू शकतो.

मग मी त्यांच्यापुढे जी गोष्ट ठेवली, ती मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. एमबीबीएस हा आज शेवट राहिलेला नाही. बहुतेक मुलांना पुढे एमडी किंवा एमएस करायचे असते, आणि त्या जागा ‘नीट-पीजी’ या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर मिळतात, एमबीबीएस कोठून केले याला तेथे गुण नाहीत. शिवाय राज्यातील सरकारी आणि बहुतेक खासगी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे पेपर तोच आणि पदवीही त्याच विद्यापीठाची. पहिल्याच टप्प्यावर जमीन संपली आणि डोक्यावर हप्ता बसला, तर पीजीच्या वेळी आणखी एक वर्ष अभ्यासाला थांबण्याची सवडही त्या मुलीला उरत नाही. ती मिळेल ती नोकरी धरते. मी हे दोन-तीन घरांत घडताना पाहिले आहे आणि त्या मुलांच्या हुशारीत काहीही कमी नव्हते, म्हणून या बाबतीत मी तटस्थ राहू शकत नाही.

मामांनी परदेशाचाही विषय काढला, पण तो मी फार लांबवला नाही. २०२१ च्या नियमांनुसार किमान चौपन्न महिन्यांचे इंग्रजी माध्यमातील शिक्षण, तेथेच एक वर्षाची आंतरवासिता आणि परत आल्यावर पात्रता परीक्षा, हे सगळे हातात सरकारी जागा असताना पत्करण्याचे कारण नव्हते.

आईचा प्रश्न मात्र मला जास्त खरा वाटला. “स्वस्त आहे, पण तिथं शिकवायला माणसं आहेत का?” नव्या महाविद्यालयांत अध्यापकांची पदे रिकामी असतात, इमारत अपुरी असते, वसतिगृह कधी भाड्याच्या जागेत असते. हे लपवून सल्ला देणे चुकीचे ठरेल. मी त्यांना सांगितले, की माझ्यावरही विश्वास ठेवू नका आणि माहितीपुस्तिकेतल्या फोटोंवरही नको. दोन्ही रुग्णालयांत सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी नऊला जाऊन उभे राहा. डॉक्टर घडतो तो रुग्णांमुळे, आणि रुग्ण आहेत की नाहीत हे कोणालाही न विचारता दिसते.

बाप-लेक खरोखर गेले. सरकारी रुग्णालयात साडेनऊला केसपेपरची रांग व्हरांड्यातून बाहेर पायऱ्यांपर्यंत आली होती. बाळंतपणाच्या कक्षाबाहेर खडूने लिहिलेला फळा होता, त्यावर आदल्या दिवसाची बाळंतपणे सतरा आणि त्यातली सिझेरियन पाच अशी नोंद होती. मुलीने तो फळा वहीत उतरवून आणला. पहिल्या तुकडीच्या दोन मुलींना गाठून तिने विचारले, तेव्हा कळले की शरीररचनाशास्त्राचे शिक्षक नियमित आणि चांगले आहेत, एका विषयाला मात्र बरेच महिने प्राध्यापकच नाहीत, आणि मुलींचे वसतिगृह दोन किलोमीटरवर आहे पण बस आहे. खासगी रुग्णालयात फरशी लखलखीत होती आणि ग्रंथालय सुंदर होते. औषधवैद्यक विभागाच्या वॉर्डात मात्र तीसपैकी अकरा खाटांवर माणसे होती. सगळी खासगी महाविद्यालये अशी नसतात. काहींची रुग्णालये जुनी, नावाजलेली आणि भरलेली आहेत. म्हणूनच जाऊन पाहायचे असते.

परत आल्यावर वडील पहिल्यांदा सविस्तर बोलले. त्यांना आंबेजोगाईची आठवण झाली. १९७० च्या दशकात तेथे ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा खेड्यात कसले मेडिकल कॉलेज, असे लोक म्हणत, हे त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकले होते. आज त्यांच्या तालुक्यातले कितीतरी डॉक्टर तेथूनच शिकलेले आहेत.

पसंतीक्रम भरताना आम्ही एक पथ्य पाळले. राज्यातली सगळी सरकारी महाविद्यालये खऱ्या आवडीच्या क्रमाने वर, मिळतील न मिळतील याचा विचार न करता. खासगी एकही टाकले नाही, कारण जे परवडत नाही ते यादीत असले की नेमके तेच लागते आणि मग घरात भांडण होते. पहिल्या फेरीत जागा लागल्यावर ती स्वीकारून पुढच्या फेरीत वरची पसंती मिळवण्याचा प्रयत्न करता येतो, पण जागा कायम ठेवण्याचा अर्ज एकदा भरला की ती वाट बंद होते. हे बारकावे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचावेत. सरकारी जागेसोबत एक वर्षाच्या सरकारी सेवेचे बंधपत्र येते, हेही आई-वडिलांना सही करण्याआधी सांगितले. वडिलांनी ते फारसे मनावर घेतले नाही. “एक वर्ष सरकारी दवाखान्यात काम केलं तर शिकेलच की,” एवढेच ते म्हणाले.

मुलीला दुसऱ्या फेरीत तेच नवे महाविद्यालय मिळाले. ज्या विषयाला शिक्षक नव्हते तेथे अजून अडचण आहे, ती आणि तिच्या खोलीतल्या मुली ध्वनिचित्रित व्याख्यानांवर तो विषय करतात, आणि याबद्दल तिने मला तक्रारीच्या सुरात लांबलचक निरोप पाठवला होता. ती तक्रार रास्त आहे. गेल्या महिन्यात मात्र तिचा फोन वेगळ्या कारणासाठी आला. पहिल्या वर्षापासूनच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात तिच्याकडे जवळच्या गावातली काही घरे दिली आहेत, आणि त्यातल्या एका आजीचा रक्तदाब तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मोजला. तिला एकशे ऐंशी दिसला. आपलेच चुकले असे वाटून तिने तीन वेळा पट्टा बांधला, मग शिक्षकांना बोलावले, आणि आकडा बरोबर निघाला. आजींना दुसऱ्या दिवशी त्याच केसपेपरच्या रांगेत तिनेच उभे केले.