जुन्या बखरी-प्रवासवर्णनांतले शब्द ओळखीचे वाटतात पण अर्थ लागत नाही, असं का होतं?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण मी यात चांगलाच आपटलोय. अवघड शब्दांचं काही नाही हो, अडलं की आपण कोश उघडतोच. फसवतात ते रोजचे सोपे शब्द, तिथे कोश उघडायचं डोक्यातच येत नाही.

कॉलेजात असताना इथल्या सार्वजनिक वाचनालयातून गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आणलं होतं. घरात कर्ज, मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल म्हणून वरसईचे हे भटजी निघतात आणि पुढे १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत सापडतात. पण निघताना बोलणं काय, तर हिंदुस्थानात जायचं! मला काही झेपेना, अरे पेणजवळचं वरसई काय विलायतेत आहे का? खूप नंतर कळलं की तेव्हा आपल्याकडे हिंदुस्थान म्हणजे साधारण नर्मदेपलीकडचा मुलुख, पेशव्यांच्या पत्रांत पण तेच, आणि 'देश' म्हणजे घाटावरचा भाग. आमचे कोकणातले पाहुणे अजूनही "देशावर आलो" म्हणतात, तो हाच देश.

'राजकारण' पण तसंच. जुन्या पत्रात अमक्याचं राजकारण आलं असं दिसलं की निवडणूक-पक्ष वगैरे विसरा, आतून बोलणी आली, संधान बांधायला निरोप आला एवढंच.

मी काय करतो, तर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडतो. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, म्हणजे गोडसे भटजी वाटेत होते त्याच साली निघालेली, त्यामुळे तेव्हाचा अर्थ सापडायचा चान्स जास्त. आणि हो, आवृत्ती बघा! चिं. वि. वैद्यांनी १९०७ ला 'माझा प्रवास' छापलं ते बरीच काटछाट करून आणि भाषा सुधारून, मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६ ला काढलं. वैद्यांच्या शब्दावरून "गोडसे असं म्हणायचे" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्याच तोंडचं ऐकणं झालं.

नाशिकचे असाल तर पांडवलेणीला जाऊन बघा. ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा कोरीव लेख आहे, त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्राला, शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा म्हटलंय. तिथले यवन म्हणजे ग्रीक, आणि बखरीत तोच शब्द येतो मुसलमानांसाठी. गंमत म्हणजे १७ नंबरचं लेणं एका 'योणका'नेच, म्हणजे यवनानेच, दान दिलंय, म्हणजे एकीकडे यवनांचा नाश आणि त्याच डोंगरात यवनाचं दान.

उलटं पण असतं बरं का. १९ नंबरला सातवाहन राजा कृष्णाच्या वेळचा छोटासा लेख आहे, नाशिकच्या एका महामात्राने (मोठ्या अधिकाऱ्याने) 'लेण कारित' असा, म्हणजे लेणं करवलं. दोन हजार वर्षं झाली, शब्द तोच आणि अर्थही तोच. द्वारका सर्कलला रिक्षावाल्याला "लेणीला सोडा" म्हणा, बरोबर पायथ्याशी नेऊन सोडतो, फक्त वर चढायला पाणी सोबत ठेवा.